कंपनीनं देली तशी!

...अन मंग तो आरटीओचा सायेब मले म्हनते, "वकीलसायेब, गाडी पास होत नाई. कंपनीनं देली तशी पायजे!" आता तुमीच सांगा, पंधरा वर्षांची गाडी कंपनीनं देली तशी राह्यते का? मी तरी राह्यलो का?

थांबा, पयलेपासून सांगतो. मी कमलाकांत, दर्यापूरच्या कोर्टात तीस वर्षं लोकाइले कलमं शिकवले. अन माह्या बायकोचा, अनसूयाचा, गुडघा अकोल्याले बदलून आनला. पाय काई वाकेना! दर आठ दिवसानं व्यायामाले अकोल्याले न्या लागते, अन गाडीत पाय ठेवाचा कुठी? थे म्हने, "पाय लांब होईन त येईन, नाई त घरीच लंगडीन!" मंग काय, गेलो अब्दुल सत्तारभाईकडे. सीटा शिवनारा असा कारागीर, का त्याच्या हातची गादी पाहून मानसाले उभ्यानं झोप येते! त्यानं मधातली तीन जनाची सीट काढली अन बनवला लहानसा दिवाण. लोडासकट! "भाभी को अब धक्का भी नै लगेंगा, वकीलसाब." अन खरंच सांगतो, महिनाभर बाई पाय पसरून गेली अन माह्यावर एकदा खेकसली नाई हो... लग्नापासून पयल्यांदा!

तेवढ्यात आलं पासिंग. सायबानं दार उघडलं, लोड पाह्यला, जसा मुद्देमालच सापडला! "आरसी बुकात सात सीट, इथं चारच. तीन कुठी गेल्या?"

"घरी हायेत, टीवीसमोर."

"कव्हर बदला, गादी बदला, पन सीट काढता येत नाई. कंपनीनं देली तशी पायजे!"

"सायेब, बायकोच कंपनीनं देली तशी नाई राह्यली! गुडघा स्टीलचा हाय!"

"मंग अपंगाचं सर्टिफिकेट आना, परवानगी काढा."

गेलो डॉक्टरकडे. तो भडकलाच! "म्हणजे माझं ऑपरेशन फेल गेलं म्हणता? कंपनीनं दिला त्याहून भारी गुडघा बसवलाय!"

घ्या! गुडघा इतका चांगला का सर्टिफिकेट भेटत नाई, अन इतका वाईट का सीटवर मावत नाई! घरी येऊन मोटार कायद्याचं पुस्तक उघडलं. कलम बावन्न, सायेब म्हने तेच लिवलेलं! तीस वर्षं माह्याच कपाटात... अन मी वाचलं केव्हा? सीट काढल्यावर! लाज वाटली, खोटं काहून बोलू?

सत्तारभाईनं सीट परत बसवली, दिवाण नेला डोये पुसत. गाडी पास!

अन अनसूया? थे आता काळीपिवळीनं जाते. सीटा नऊ, मानसं सतरा. पन तिले पाह्यलं का सतराच्या सतरा जन एकमेकाच्या मांडीवर सरकून राह्यले, "मावशी, लांबवा पाय बिनधास्त!" तिचा वॉकर तेवढा तिथं मावत नाई. म्हनून मांगून माह्या गाडीत मी येतो वॉकर घेऊन... सात सीटा, एक मानूस, एकदम कायदेशीर, कंपनीनं देली तशी!