हाडाचा देव

रामदासपेठेच्या थांब्यावर महालची बस येता येईना. रांगेत काजलच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. बाईंनी कापडी पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. आजोबा चिडून बोलत होते.

“कालेजातल्या साहेबानं शेंदूर खरवडला, भिंगातून पाह्यलं, अन् काय सांगतलं? लय झिजलं हाय, पण हाडच हाय. कोण्या काळच्या जनावराचं, दगड झालेलं.”

“आयकलं मी.”

“अन् आपण त्याले देव म्हणून पुजून राह्यलो! हाड वं, देवघरात! चाल, नागनदीत टाकून देऊ.”

काजलनं कानातले इअरफोन काढले.

“काहून जी? माह्या माहेरच्या नाल्यात भेटला तो मले. पोरीच्या तापात त्याच्यापुढंच बसली होती मी. तवा नाही हाड दिसलं तुमाले?”

“लोक काय म्हणतीन?”

“आपल्या देवघरात शंख हाय ना? त्याच्यात कोण राह्यत होतं? किडाच ना? पहिले तो टाका नदीत, मंग याचं बोला.”

बस आली.

“आण, पिशवी मी धरतो. जड हाय.”

“मघा तंबाखूचा खर्रा खाल्ला ना तुमी? पहिले हात धुवा. त्या हातानं शिवू नका देवाले.”