खांबावरची लाईन आणि गुंडूची लाईन

जबाब देणार: सौ. शालूबाई कृष्णात रणदिवे, वय ४६ वर्षे, धंदा शेती व म्हशी, रा. कसबा बावडा, कोल्हापूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती कृष्णात यांच्यासह राहते. कोणती लाईन ते नीट सांगा असे साहेब म्हणाले. आमच्यात खांबावरच्या तारेला लाईन म्हणतात, नदीवरनं पाणी आणणाऱ्या पायपालाही लाईनच, आणि कारखान्यापुढं उसाच्या गाड्या थांबतात तीही लाईनच. तुटली ती खांबावरची. तिच्यामुळं मोटार बंद पडून माझे चुलत दीर गुंडू यांची पाण्याची लाईन दोन दिवस कोरडी होती.

काल सकाळी दहाच्या सुमारास वायरमनने डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढून माझ्याकडे दिले. आमच्यात रीतच आहे, खांबावर ज्याचा माणूस, फ्यूज त्याच्याच घरच्या बाईच्या ओटीत. माणूस खाली येऊन स्वतः मागेपर्यंत द्यायचे नाहीत. वायरमनचा गुडघा दुखत होता, म्हणून तो खांबाखाली थांबला आणि आमचे मालक चढले. मी डीपीपाशी थांबले होते आणि मधे ऊस असल्याने तिथून तो खांब दिसत नव्हता.

साडेदहाला गुंडू आले. म्हणाले, "वैनी, दादा उतरलाय. आण फ्यूज हिकडं, माजी रोपं करपाय लागल्यात." मी म्हटले, "त्यास्नी येऊ दे की." तर अंगावर ओरडले, "मी काय खोटं बोलतोय व्हय?" मी त्यांना भिते. लग्न होऊन आले तेव्हापासून भिते. मी फ्यूज दिले, त्यांनी बसवले. उसातून आवाज आला. तो कसला ते मला सांगता येत नाही.

मालक दवाखान्यात आहेत. उजवा हात खांद्यापासून काढला. आज सकाळी गुंडूंचा मुलगा आदर्श दारात येऊन म्हणाला, "फ्यूज वायरमननं घातलं म्हणून सांग काकी. तुला रोज ह्याच पाणंदीनं जायाचं हाय." साहेब, जायचे तर आहेच. पण वायरमनने फ्यूज घातले नाहीत.

शुद्धीवर आल्यावर मालकांनी विचारले, "शालू, तुज्याकडनं हिसकावून घेतलं न्हवं?" मी व्हय म्हणाले. ते खरे नाही. मला कुणी हात लावला नाही. मी आपल्या हाताने दिले.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. मालकांचा जबाब घ्यायला दवाखान्यात जाल तेव्हा हा कागद तिथं वाचू नये, एवढे त्यात घालावे असे मी सांगितल्यावरून घातले आहे.

(डाव्या अंगठ्याचा ठसा)