पाचपैकी पाच

दुपारची झोप? अहो, नाव काढू नका! तुम्हाला सांगतो, बँकेतून निवृत्त झालो तो निव्वळ दुपारी आडवं होता यावं म्हणून. पुण्यात तेवढं सोडलं तर दुसरं सुख उरलंय काय? आणि ते गेलं कुणापायी, तर उंदरांपायी! आता उंदराचं आणि माझं काय नातं, सांगा?

आमची मुलगी अपूर्वा शास्त्रज्ञ आहे. म्हातारपणी माणसं विसरायला का लागतात ते कळावं म्हणून ती उंदरांचा अभ्यास करते. म्हणजे म्हातारे घरात, आणि ही दिवसभर उंदरांत... तर एकदा जेवताना सांगायला लागली, बाबा, आम्ही पिंजऱ्यात कापूस ठेवतो, ठणठणीत उंदीर रातोरात तो पिंजून छान गोल घरटं करतो, त्याला पाचपैकी पाच, आणि ज्याची बुद्धी ढळत चाललीय त्याचा कापूस सकाळी तसाच पडलेला, त्याला एक. मी म्हटलं, ताटात उंदीर नकोत, आमटी वाढ. उंदराचं आणि माझं काय नातं?

पण ऐकलेलं डोक्यातून जात नाही हो. आमची ही, सुनीती, रोज चहा झाला की वाती वळायला बसते. अख्ख्या सोसायटीच्या समया हिच्या वातींवर, शिवाय चौकातला गणपती! बोटाला दुधाचा थेंब लावायचा, समोरच्यांच्या सुनेला नावं ठेवायची, आणि बोलता बोलता डबा भरायचा. तर एक दिवस बघतो, कापूस तसाच. म्हटलं, कंटाळली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. हातात धरून बसलेली, आणि मला विचारते, "अहो, ह्याचं काय करायचं असतं?"

मी म्हटलं, राहू दे, नंतर बघू. मनात एकच, अपूर्वाला कळता कामा नये. कळलं की पोरगी आईकडे आई म्हणून बघायची नाही, गुण देत बसेल! म्हणून ही दुपारी झोपली की मी स्वयंपाकघरात, दार लोटून, वाती वळतोय... मी, ज्यानं जन्मात स्वतःचा कप विसळला नाही! एक वात दोरखंडासारखी, दुसरी मिशीसारखी. पण डबा भरला. संध्याकाळी अपूर्वानं उघडला. मी आपला छाती काढून, "बघ, तुझ्या आईला पाचपैकी पाच."

तिनं डबा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, आम्ही एका पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवतो. दोघं असले की एकाचं घरटं दुसरा बांधतो, आणि आजारी कोण तेच कळत नाही."

रडलो की मग दोघंही, लाज कसली.

डॉक्टरांकडे नेलं, जे ऐकायचं नव्हतं ते ऐकून आलो. आता वाती उघड करतो, हिच्या शेजारी बसून, भर दुपारी. काल हिनं माझी एक वात उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाली, "कुणी हो केल्या ह्या? हाताला काही वळण?" सगळं विसरली, टोमणा तेवढा शाबूत!

मी म्हटलं, "आहे एक उंदीर. इथंच राहतो."

तर म्हणते, "मग त्याला म्हणावं, जमत नाही तर दुपारचं झोपावं गुमान."