दात पडेपर्यंत

आमच्या कॅलिफोर्नियाच्या बंदरगावात नवी सरकारी शाळा निघाली. नाव घालायच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारा कोळी, त्याची लेक आणि सहा वर्षांची नात उभी होती.

"लीडिया, इथे दुधाचे दात पडेपर्यंत अक्षरं शिकवत नाहीत म्हणे?"

"हो बाबा. आधी गाणी, गोष्टी, लोकरीचं विणकाम."

"जाळी विणण्यात माझा जन्म गेला. त्याला कुणी शाळा म्हटलं नाही!"

"आधीच्या शाळेत ही वाचताना अडखळली की पोरं हसायची. रोज सकाळी हिच्या पोटात दुखायचं. विसरलात?"

"विसरलो नाही गं. पण अक्षरांवाचूनच राहिली तर? माझे पक्के दातसुद्धा पडले, तरी मला अजून दुकानाची पाटी वाचता येत नाही."

"तुम्हालापण हसतात, आजोबा?"

"हसतील ना, टेसा. म्हणून तर चष्मा विसरलो म्हणून सांगतो."

"मग तुम्ही माझ्या वर्गात या. तिथे अजून कुणालाच वाचता येत नाही."

म्हातारा लेकीकडे वळला.

"लीडिया, विणायच्या सुया दोन जोड घे."