पाद्रीणबाईंची लिला शाल

(नॉर्वेतलं बर्गन शहर. एका प्रबंधाच्या जाहीर परीक्षेत मध्यंतर झालंय. सभागृहाच्या दाराबाहेर दोघं.)

आस्लाक : पण तुला इथे बोलावलं कुणी, टोरगुन?

टोरगुन : जाहीर परीक्षेला बोलावणं कशाला लागतं, प्रोफेसर? शेवटी अध्यक्ष विचारतातच, श्रोत्यांपैकी कुणाला हरकत घ्यायचीय का. मला घ्यायचीय.

आस्लाक : तू? शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लावायचीस तू.

टोरगुन : लावायची नव्हे, लिहायची. एकेका शब्दाचे जुने दाखले शोधून, बावीस वर्षं. त्यातल्या अकराशे एकट्या 'लिला'च्या, त्या जांभळ्या रंगाच्या शब्दाच्या. फारसीतल्या निळीपासून निघाला, अरबी, फ्रेंच, जर्मन करत आपल्याकडे आला आणि इथल्या व्याकरणापुढे काही वाकला नाही. लाल-हिरवे नामाप्रमाणे शेपूट बदलतात. हा घराला तोच, टोपीला तोच, दहा टोप्यांनाही तोच. शोधलं मी, पुस्तकावर नाव तुमचं.

आस्लाक : तीस वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार आता? आत माझी विद्यार्थिनी परीक्षा देतेय.

टोरगुन : सिग्ने हुशार आहे. तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच चुकलं तिचं. तिच्या प्रबंधाचं पान चाळीस, तुमच्या पुस्तकावरून घेतलेलं. सर्वांत जुना पुरावा, १७४१ सालचा, पाद्रीणबाईंच्या पत्रातली लिला शाल.

आस्लाक : माझाच शोध तो. जर्मन लोकसुद्धा तो दाखला देतात.

टोरगुन : मूळ पत्र पाहिलंत कधी?

आस्लाक : चिठ्ठी होती ना.

टोरगुन : होती. तुम्ही माझे चिठ्ठ्यांचे खण गुपचूप रिकामे करताय हे कळलं, त्याच दिवशी मी ती लिहून आत सारली. पत्र नाही, शाल नाही, आणि पाद्रीणबाईंचं नाव आमच्या शेळीचं आहे.

आस्लाक : कोशाशी बेइमानी केलीस तू.

टोरगुन : केली. लाज वाटते त्याची, तेही आत सांगणार आहे. पण तुमचा हा चेहरा बघायला तीस वर्षं थांबले, ते काही वाया गेलं नाही.

आस्लाक : पोरीचं वाटोळं होईल गं.

टोरगुन : तिचं एक पान खोडलं जाईल, बाकी काम खणखणीत आहे. बुडेल ते तुमचं पुस्तक.

आस्लाक : ऐक. मीच उठून सांगतो, सगळं काम तुझं होतं म्हणून. पुढच्या आवृत्तीत पहिलं नाव तुझं. मग तर झालं? थांब, लिहूनच घेतो. टोरगुन... आडनाव काय गं तुझं?

टोरगुन : अध्यक्षांकडे दिलंय. आत्ता वाचून दाखवतील.