अण्णांचा बुधवार

हॅलो?… हां, बोल स्वाती… अगं हळूच बोलणार ना! जव्हारच्या स्टँडवर उभी आहे मी… हो, पोचलो आत्ताच. पोचलो म्हणजे तुझे वडील पुढे आणि मी मागे. सासऱ्याच्या मागावर सून! नणंदबाईंचीच आयडिया, विसरलीस?

नाही गं, नाही ओळखलं. तोंडाला ओढणी, वर आमच्या साहिलचा गॉगल. काशिमिऱ्याला गाडीत चढले तर कंडक्टर दचकला… हो, अण्णा खिडकीतच होते. एकटेच… अगं एकटेच! मनोरला शेजारी एक माणूस बसला, मांडीवर कोंबडी घेऊन… कोंबडीशी लग्न लावणार आहेस का त्यांचं? मग विचारतेस काय!

हो, इस्त्रीचा शर्ट. हो, पावडरपण. केसांना तेल… पंचाहत्तरी झाली म्हणून माणसाने पावडर लावू नये, असा कायदा आहे का?… बरं बाई, म्हातारचळ तर म्हातारचळ. एसटीचं फुकट प्रवासाचं कार्ड मिळालं आणि म्हातारा बिघडला. तुझे वडील, तू ठरव.

घाट? अगं ऐक ना, त्या घाटाने माझी आतडी पिळली. लिंबू हुंगून हुंगून नाक आंबलं. पुढच्या बाईने पिशवी दिली म्हणून अब्रू वाचली. आणि तू म्हणे, ‘मला घाट लागतो वहिनी, तूच जा.’ मला काय घाटात पाळण्यात घातलं होतं?

थांब, थांब… उतरले. कॅन्टीनकडे चाललेत… मी? मी मुतारीच्या भिंतीआड. हो, त्याच वासात! तुझ्या फ्लॅटच्या काळजीपायी… तुझा नाही? बरं, अण्णांचा. जेसल पार्कचा वन बीएचके, आम्ही सगळे राहतो तोच. तो कुठल्या बाईच्या घशात जाईल म्हणून तुझी झोप उडाली. आई गेल्यापासून अण्णा त्याच घरात हॉलमध्ये झोपतात, टीव्ही बंद झाल्यावर. तेव्हा बरी झोप लागत होती तुला.

हां… चहा घेतला… एकच कप. अगं एकच! दोन असते तर सांगितलं नसतं?… बाई? आली एक. लाल साडी… गप, ऐक तरी! बाकावरची पिशवी उचला म्हणाली, बसली, पोराला शेव भरवतेय… पोर तिचंच असेल ना! अण्णांचं कसं असेल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

माहितीय गं, ममताभाभीने सांगितलं तुला. ‘आपके पापाजी हर बुधवार हीरो बनके निकलते हैं.’ राहते इंद्रलोकला आणि नाक सगळ्या भाईंदरच्या घरांत. स्वतःचा नवरा कुठे जातो ते विचार म्हणावं तिला एकदा.

अगं… उठले. कुठे चाललेत बघते… स्वाती, परत गाडीतच चढतायत. हो, आलो त्याच गाडीत. बोर्ड बदलला ड्रायव्हरने, हीच आता खाली जाणार… बसले. त्याच खिडकीत… नाही आलं कोणी. कोणीच नाही गं… धर जरा. ओ कंडक्टर, ते आजोबा बसलेत ना, खिडकीत… हो, ते… दर बुधवारी?… आणि चहा पिऊन लगेच परत?

ऐकलंस? दर बुधवारी येतात, एक चहा पितात, त्याच गाडीने उलटे जातात. हे असलं कसलं लफडं गं, ज्यात बाई कधी येतच नाही?

चढते मी गाडीत… नाही, आता लपून काय मिळवायचंय… अण्णा… अहो मीच, रश्मी… हो, गॉगल साहिलचा… स्वाती आहे फोनवर… नाही अण्णा, मी का रागावू? पण एवढ्या लांब यायचं, आणि नुसतं बसून परत… सांगा ना… हं… हं…

हां स्वाती. आहे मी… सांगते, श्वास तर घेऊ दे. म्हणाले, बुधवारी तुझ्या शिकणाऱ्या बायका येतात… अगं माझा ब्लाऊजचा क्लास! सहा बायका, दोन मशिनी, पाय ठेवायला जागा नसते. मीच म्हणते ना, अण्णा, जरा उठता का, कापड पसरायचंय. एरवी साहिलचा अभ्यास, रात्री तुझ्या दादाची मॅच. आणि म्हणाले… थांब… म्हणाले, ‘पोरी, गाडीत एकदा बसलं की उतरेपर्यंत कोण ऊठ म्हणत नाय.’

नाही, ते नाही रडत. मी रडतेय, ते हसतायत… पावडर? नीटनेटकं असलं की लोक ‘या आजोबा, बसा’ म्हणतात, म्हणून पावडर. झालं समाधान?

आता तू बोल… वाटलंच मला! ‘लोक काय म्हणतील.’ बाई असती तर फ्लॅट गेला असता, बाई नाही तर अब्रू गेली. मग ने ना तुझ्याकडे. फक्त बुधवारी. मीरा रोड काय काश्मीरला आहे?… हां, सासूबाईंचे गुडघे. हां… पेस्ट कंट्रोल. दर बुधवारी? झुरळं लाजेनेच मेली असतील गं तुझ्या घरातली!

काय करणार?… दादाला सांगून कार्ड काढून घेणार? का?… घाटात काही झालं तर? अगं, हॉलमध्ये त्यांचं काय होतंय ते बघितलं का कोणी? मी नाही बघितलं, तुझ्या दादाने नाही, तू तर नाहीच नाही!… सांग, खुशाल सांग दादाला. मग मीही सांगते, बापाच्या मागे हेर कोणी लावला ते. आणि पुढच्या बुधवारी… क्लास शनिवारी गेला तरी अण्णा जव्हारला जाणार. त्यांना आवडतं म्हणून जाणार… नाही, ऐक, कार्डाला हात लावायचा नाही कोणी…

हॅलो? काय?… आवाज तुटतोय गं… घाट लागला ना… अगं निघाली गाडी केव्हाच!… चहावाला ओरडतोय? घाटातपण विकतात चहा… हॅलो? हॅलो?… मरो.

चला, बंद केला फोन. सरका जरा, अण्णा… अहो! अहो, उठताय कशाला? बसा. बसा ना… मी आहे इकडे कडेला.