मडक्यातलं बी

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं असंल तर माझी कवळी गळून पडू दे. नगरहून कर्जतला येताना एश्टीत माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको हुते. त्यांच्याच ज्वारीवर काढलेली डॉक्युमेंटरी बघून निघालेले.

"कसा दिसलो गं मी, चांगुणा?"

"फेटा झ्याक दिसला."

"आन बोलनं?"

"'चाळीस वर्सं हे बी म्या जपलं.' कुठं जपलं वो?"

"कनगीत. दावली की उघडून."

"कनगीत दळनाची ज्वारी हाय. बी मी राखेत घोळून मडक्यात ठिवते."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"दळनाला वाजवल्या!"

"हळू बोल, मागची म्हातारी ऐकती."

"ऐकू द्या. उद्या शिनेमा आपल्या देवळापुढं दावनारेत. गावच्या बाया कनगी वळखतील, मग तुमचा फेटा कुठं लपवनार?"

"मग काय करू?"

"आधी हुबं ऱ्हाऊन सांगायचं, बी हिनं जपलं."

"बरं बाई. चुकलं माझं."

आता कबूल करते, 'बरं बाई. चुकलं माझं' हे मी घातलं. त्यो नुसता खिडकीबाहीर बघत बसला. म्हनून उद्या पडद्यापुढं चांगुणाच हुबी ऱ्हानार हाय, मडकं घिऊन.